दोन नद्या, दोन पूल

कारब्रिज, स्कॉटलंड

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

इन्व्हर्नेसच्या गाडीतून मधेच उतरले, ती डलनन नदीवरच्या जुन्या पुलासाठी. कठडे आणि बाजूच्या भिंती पुरांनी नेल्या. त्यांत १८२९ च्या ऑगस्टमधला पूर सर्वांत भयंकर. मांडव उतरवल्यावर नुसती कमान मागे राहावी, तसा पूल उभा आहे. वर पाय ठेवायची सोय नाही. पण कमानीचे दोन्ही पाय पक्क्या खडकावर टेकलेले, म्हणूनच तगला.

१७१७ साली सर अलेक्झांडर ग्रँट यांनी तो गवंडी जॉन निकलसनकडून बांधून घेतला. नदीला पाणी आलं की अंत्ययात्रा काठावरच अडकायची, डथिलच्या चर्चपर्यंत पोचायची नाही. ती अडचण या पुलाने सोडवली, म्हणून लोक अजून त्याला 'शवपेटीचा पूल' म्हणतात. रुंदी खांदेकऱ्यांपुरती आणि ओझ्याच्या घोड्यापुरती.

तुमची,
मीरा

ॲबरफेल्डी, स्कॉटलंड

ती. बाबांस,

टे नदीवरचा हा पूल पाहून तुमच्यातला बांधकाम खात्याचा साहेब खूश झाला असता. पाच कमानी, मधली सर्वांत मोठी, तिच्यावर चार टोकदार स्तंभ. जनरल वेडने तो १७३३ साली उभारला. आराखडा विल्यम ॲडमचा. १७१५ च्या जॅकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या समर्थकांच्या) बंडानंतर सरकारला हायलँड्समध्ये फौज झटपट हलवायची होती. त्यासाठी वेडने डोंगरांतून रस्ते काढले, नद्यांवर पूल घातले. पुढे १७४५ साली बंडखोरांनीही त्याच रस्त्यांवरून कूच केलं! रस्ता काय, जो चालेल त्याचा.

काठावर ब्लॅक वॉच पलटणीचं १८८७ चं स्मारक आहे. ही हायलँडर पलटण १७४० साली इथल्याच नदीकाठी पहिल्यांदा एकत्र जमली होती. पुलावरून आजही मोटारी जातात. पण तो अरुंद, म्हणून सिग्नल लावून एका वेळी एकाच बाजूच्या सोडतात.

कोणता चांगला, हे तुम्ही विचारणारच. बांधकाम इथलं सरस. पण हा वरून आलेल्या हुकमाचा पूल. कारब्रिजचा गावच्या गरजेचा. माझा कौल कारब्रिजला. आईला घेऊन याल तेव्हा तिथे नक्की उतरा. स्टेशनापासून चालत जाता येतं, आणि पूल काठावरून अगदी नीट दिसतो.

तुमची,
मीरा