जुन्या सागवानाचे नवे घर

घर सजवावयाचे म्हटले की आपले लक्ष प्रथम दुकानाकडे जाते. नवा पलंग, नवे कपाट, नवे पडदे. खिशाला झेपेल तितके घ्यावे आणि उरलेले हप्त्यांवर आणावे, अशीच बहुतेक कुटुंबांची रीत झाली आहे. आमच्या घरी मात्र गेल्या काही वर्षांत नव्याऐवजी जुने आणि मोडीत निघालेले सामान आले. त्यामागे काटकसर होतीच, पण केवळ काटकसर नव्हती.

सांगलीतील आमच्या सासरचा वाडा २०१९ च्या महापुरानंतर राहण्याजोगा उरला नाही. कृष्णेचे पाणी ओसरले, पण पांढऱ्या मातीच्या भिंतींत मुरलेली ओल गेली नाही. भाऊबंदांनी एकमताने वाडा उतरविण्याचे ठरविले. ऐंशीच्या घरातील सासूबाई पुण्यास आमच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत राहावयास आल्या, त्या एक लोखंडी पेटी, जपमाळ आणि दोन वाकळी घेऊन. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मात्र कोणी विचारले की, "मुलाकडे आले आहे," असे त्या सांगत. "घरी आहे," असे शब्द त्यांच्या तोंडून येत नसत. ते आम्हा उभयतांच्या मनाला लागत असे.

वाड्याचे काही लाकूड येथे आणावे, असे यजमानांनी सुचविले. पाडकामाचा ठेका घेणारे लोक लाकूड, दगड आणि विटा यांची किंमत धरूनच हिशेब करीत असतात. एकदा करार झाला की दारावरचा कडीकोयंडाही आपला राहत नाही. म्हणून हवे असलेले लाकूड आधी बाजूस काढून त्याची यादी करारात लिहून घ्यावी लागते. आमच्या वाट्यास दोन झडपांचा एक दरवाजा, दोन तुळया, माजघरातील फडताळाची दारे आणि चौकटीवरील मंगलकलश कोरलेली पट्टी एवढे आले. लाकूड पुरात भिजलेले होते. ते उन्हात टाकले असते तर तडकले असते. म्हणून सावलीत, प्रत्येक थरामध्ये पट्ट्या ठेवून, वारा खेळता राहील असे रचून दोन महिने वाळू दिले.

आमच्या सुतारांनी प्रथम तुळयांतील खिळे शोधून शोधून उपटले. एखादा खिळा आत राहिला तर वखारीतील करवतीचे पाते मोडते. चिरल्यानंतर आत जो सोनेरी गाभा दिसला, तो पाहून तेच म्हणाले, "आजी, असं लाकूड आता पैसे देऊनही मिळायचं नाही." जुन्या सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, म्हणून वाळवी त्याला सहसा लागत नाही. शिवाय वर्षानुवर्षे मुरलेले असल्यामुळे ते नव्या लाकडासारखे वाकत नाही. एका तुळईची पुस्तकांची फळी झाली, दुसरीचा बाक. दरवाजाची एक झडप चार पायांवर आडवी ठेवून वर काच टाकली, ते जेवणाचे मेज झाले. फडताळाची दारे स्वयंपाकघरातील कपाटास लागली. मंगलकलशाची पट्टी सासूबाईंच्या खोलीच्या दारावर बसविली.

येथे दोन गोष्टी आपल्या वाचकांसाठी मुद्दाम नोंदवाव्याशा वाटतात. जुन्या लाकडावर चकाकी आणण्यासाठी जे फ्रेंच पॉलिश करतात, ते लाखेपासून बनते आणि लाख ही किड्यांच्या स्रावापासून मिळते. तसेच पूर्वी सुतार जोडकामासाठी जो सरस वापरीत, तो जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून काढलेला असे. सासूबाईंनी हे दोन्ही नको म्हणून सांगितले. सुतारांनी मग जवसाचे उकळलेले तेल, ज्याला ते बेलतेल म्हणतात, पातळ हात फिरवून तीन वेळा लावले. रंग खुलला आणि लाकडाची रेघ न् रेघ उठून दिसली. एक सावधगिरी मात्र हवी. या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या जागी पसरून वाळवाव्यात. त्याचप्रमाणे जुना तैलरंग कोरडाच घासू नये, त्यात शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ साली. त्यापूर्वीचा रंग पाण्याने ओला करून, लहान मुलांना दूर ठेवूनच काढावा.

उरलेले सामान पुण्याच्या जुन्या बाजारातून आणले. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या त्या बाजारात सासूबाई स्वतः आल्या. पितळी कड्या, बिजागऱ्या, एक समई आणि वेताच्या दोन खुर्च्या त्यांनी पारखून घेतल्या. खुर्च्यांचा वेत तुटला होता, पण सांगाडा भक्कम होता. तो विणून घेण्यास नव्या खुर्च्यांच्या मानाने फारच थोडा खर्च आला. शिंगाच्या मुठीची एक सुंदर काठी मात्र त्यांनी हाती घेऊन परत ठेवली.

एक शिसवी कपाटही फार स्वस्तात मिळत होते. सासूबाईंनी खालच्या फळीवरून बोट फिरविले, तर पांढरट ताजी भुकटी हातास लागली. आत किडा जिवंत असल्याची ती खूण. "हे घरी नेलं तर औषध मारावं लागेल. त्यापेक्षा इथंच राहू दे," त्या म्हणाल्या. शंका असल्यास काळा कागद वस्तूखाली काही दिवस पसरून ठेवावा. नवी भुकटी पडली, तर वस्तू घेऊ नये. हिंसा टाळण्याची जागा अशी खरेदीपूर्वीच असते, हे मला त्या दिवशी उमगले.

हे सारे करताना एक प्रश्न मला छळीत होता. वाड्याचे तुकडे उराशी धरून बसणे हाही परिग्रहच नव्हे काय? तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण वस्तूंच्या संख्येत नव्हे, तर मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत सांगितले आहे. एके दिवशी मी सासूबाईंना हे विचारले. त्या हसून म्हणाल्या, "अगं, जपून ठेवायचं असतं तर दार दारच ठेवलं असतं. त्यावर आता आपण जेवतो. वापरात आलं, ते सुटलं." दरवाजाची दुसरी झडप त्यांनी धाकट्या दिरांच्या मुलीस तिच्या नव्या बिऱ्हाडासाठी देऊन टाकली होती, तीही मला न विचारता.

त्या बोलण्यानंतर काही दिवसांनी सांगलीहून कोणाचा तरी फोन आला. "घरीच आहे, बाकावर बसले आहे," असे सासूबाई म्हणाल्याचे मी स्वयंपाकघरातून ऐकले.

आता कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी आम्ही स्वतःला तीन प्रश्न विचारतो. ही रोज वापरली जाईल काय? आपल्या हातून दुरुस्त होईल काय? आणि आपले काम संपल्यावर ती दुसऱ्या कोणाच्या कामी येईल काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी आली तरच ती घरात येते. त्यामुळे घर सजले, खर्च आटोक्यात राहिला आणि दोन खोल्यांत चौघांना हिंडण्याफिरण्यास जागाही उरली.