काटेरी पाकट



आम्ही काटोलची माणसे. जन्म संत्र्याच्या बागेत गेला. पाणी ठाऊक ते विहिरीचे आणि आषाढीला चंद्रभागेचे. पण मुलाची नोकरी अंदमानात, म्हणून तिकडे जाणे झाले आणि त्याच्या हट्टाखातर स्वराज द्वीपाजवळ समुद्राच्या तळाशीही गेलो. मला पोहता येत नाही. प्रशिक्षकाने धरून नेले. ‘श्वास रोखायचा नाही,’ एवढेच त्याने बजावले होते. तोंडात हवेची नळी, त्यामुळे नाम उच्चारता येईना. मग श्वास घेताना ‘रामकृष्ण’ आणि सोडताना ‘हरी’, असे मनातच चालू ठेवले.

खाली वाळूवर सुपाहून मोठे, करडे काहीतरी पसरले होते. पाठभर काटेच काटे. ते हलले तेव्हा कळले, हा जिवंत मासा आहे. मी घाबरून प्रशिक्षकाचा हात घट्ट धरला. त्याने खुणेने सांगितले, ‘शांत राहा, पाहा.’ तो मासा वाळूत तोंड खुपसून भक्ष्य शोधत होता. आमच्याकडे त्याचे लक्षही नव्हते.

वर आल्यावर प्रशिक्षकाने सांगितले, हे काटेरी पाकट, क्वचितच दिसते. एरवी पाकटाची पाठ मऊ असते आणि शेपटीला विषारी नांगी. याचे उलटे आहे: पाठीवर काटे, पण शेपटीला नांगीच नाही. याचे खरबरीत कातडे पूर्वी ढालींना आणि तलवारीच्या मुठींना लावत. आता आपल्या देशात कायद्याने या माशाला संरक्षण आहे.

माउली, त्या रात्री मला झोप आली नाही. डोळ्यांपुढे थोरले दादा येत होते. धुऱ्याच्या वादात ते मला टोचून बोलले आणि मी त्यांचे अंगण सोडले, त्याला अकरा वर्षे झाली. वादानंतरही माझ्या मुलीच्या लग्नात ते न बोलावता आले होते, मांडवाच्या कडेला उभे राहून अक्षता टाकून गेले. दादांचे बोलणे काटेरी, पण मनात विष कधीच नव्हते. मी मात्र गोड बोलत राहिलो आणि तो राग जपून ठेवला. नांगी कोणाकडे होती, सांगा.

वारीत आपण अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणतो, त्याच्या पाया पडतो. घरच्या माउलीच्या पाया पडायला मला अकरा वर्षे लागली.

गावी परतलो तो पिशवी न ठेवताच दादांकडे गेलो. ते ओसरीवर संत्री निवडत बसले होते. पायांवर डोके ठेवले. “आलास बाप्पा एकदाचा! बस,” एवढेच म्हणाले आणि एक संत्रे सोलून हातावर ठेवले.

तुमच्याही घरी असे कोणी असेल, तर आषाढीची वाट पाहू नका.

रामकृष्ण हरी!