लोकलगाडीचे दार

मुंबईच्या लोकलगाडीविषयी लिहिणारे बहुतेक लेखक गर्दीपासून आरंभ करतात. आम्ही दारापासून करणार आहोत. डोंबिवलीहून दादरच्या अंगाला असलेल्या एका महाविद्यालयात शिकवावयास जाता-येता आमची अठ्ठावीस वर्षे गेली, आणि एवढ्या अवधीत गाडीच्या ज्या भागाशी आमचा निकटचा परिचय झाला तो दारच होय. बाकावर बसण्याचा योग विरळा. तोही आला तर तिघांच्या बाकावर चौथ्याचा, म्हणजे अर्धे अंग वाटेत आणि अर्धे बाकावर.

या दाराचा विशेष असा की, ते मिटत नाही. त्यास सरकणारी फळी आहे, ती ओढताही येते. परंतु आषाढातील एखादी आडवी सर आल्यावाचून तिला कोणी हात लावीत नाही. जगातील इतर शहरांत गाडी सुटण्यापूर्वी दार मिटते. आमच्याकडे गाडी सुटते आणि दार तसेच राहते. परक्या पाहुण्यास यात बेपर्वाई दिसते. आम्हांस त्यात एक जुने गणित दिसते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी निघाली, तेव्हा तिच्या चौदा डब्यांत सुमारे चारशे निमंत्रित मंडळी होती. म्हणजे एका डब्यास तीस माणसेही नव्हती. त्या कंपनीच्या मनात कचेरीत जाणारा कारकून नव्हताच. नाना शंकरशेटांसारख्या ज्या धुरीणांनी या कामी पुढाकार घेतला, त्यांची आणि विलायतेतील भांडवलवाल्यांची दृष्टी घाटापलीकडील कापसावर आणि व्यापारावर होती. पुढल्याच वर्षी रूळ कल्याणास पोचले, १८६३ साली बोरघाट चढला. वाटेतली ठाणी ही केवळ वाटेतली ठाणी होती. तिकडे पश्चिमेस १८६७ साली विरारहून बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली, ती दिवसाकाठी एक!

खरे स्थित्यंतर केले ते विजेने. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून बंदराच्या वाटेने कुर्ल्यास पहिली विजेची गाडी गेली. १९२८ साली कुलाबा ते बोरिवली हा मार्ग विजेवर आला, आणि १९३० पर्यंत तारा घाट ओलांडून पुण्यास पोचल्या. विजेच्या गाडीस दोन्ही टोकांस चालकाची जागा असते. अखेरचे स्थानक आले की इंजिन सोडा, फिरवा, पुन्हा जोडा ही यातायात नाही. मोटरमन आणि गार्ड यांनी आपापली टोके बदलली की गाडी परत निघाली. शिवाय ती थांबल्याजागेवरून चटकन वेग घेते. एक-दोन मैलांवर स्थानके असलेल्या मार्गाला हेच हवे होते. त्या वेळचा १५०० व्होल्टांचा एकदिश प्रवाह जाऊन २५,००० व्होल्टांचा उलटसुलट प्रवाह येण्याचे काम पार २०१६ साली पुरे झाले; परंतु गाडी चालविण्याची रीत मूळचीच राहिली.

आमच्या पांढरपेशा वर्गाचा भूगोल या गाडीने लिहिला. गिरगावातील चाळीतून आजोबा दादरास आले, वडील मुलुंडास गेले, आम्ही डोंबिवलीस. आणि आमचे विद्यार्थी आता बदलापूर व आसनगाव येथून येतात. घर किती दूर, असे आमच्यात कोणी मैलांत विचारीत नाही. किती मिनिटांवर, असे विचारतात. आणि ती मिनिटेही जलद गाडीची की धिमीची, हे स्पष्ट करावे लागते.

आता दाराचे गणित. गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांस एक गाडी सोडावयाची, तर मधल्या स्थानकावर तिला अर्ध्या मिनिटाहून अधिक उभे राहता येत नाही. तेवढ्यात प्रत्येक दारातून कितीतरी माणसे उतरावयाची आणि तितकीच चढावयाची. गार्डाने दोन घंटा दिल्या की मोटरमनने निघावयाचे. येथे दार मिटण्याची वाट पाहत बसले तर मागील सगळ्या गाड्या तुंबतील. दुसरी अडचण हवेची. एक चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा माणसे उभी असल्याची गणना खुद्द रेल्वेने केली आहे. अशा डब्याचे दार मिटून पंख्यांवर विसंबणे म्हणजे काय, हे वैशाखात तरी कोणास सांगावयास नको.

हे गणित चोख आहे. मात्र त्यातील बाकी आपण कोठे मांडतो? २०२३ या एका वर्षात मुंबईच्या लोहमार्गांवर अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. रूळ ओलांडताना गेलेली त्यांत अधिक. परंतु दारातून पडलेलीही थोडी नाहीत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी एकमेकांस घासून खाली पडले आणि त्यांतील काहींचे प्राण गेले. आमचे चिरंजीव त्याच वळणाने रोज नोकरीस जातात. “कोठे उभा राहतोस?” असे त्यांच्या मातोश्री विचारतात. “आत,” असे ते सांगतात. डोंबिवलीहून आठ वाजता निघणाऱ्या जलद गाडीत ‘आत’ म्हणजे काय, हे आम्ही जाणतो. म्हणून त्या वेळी आम्ही वर्तमानपत्र उघडतो.

दारात उभे राहणारे सगळे वाऱ्याचे शौकीन असतात, हा समज डब्याबाहेरच्यांचा. काही तसे असतात; त्यांची टोळी ठाण्याच्या माणसास चढूही देत नाही, आणि त्यांची तरफदारी आम्ही करणार नाही. पण पुष्कळांस दारापलीकडे जाताच येत नाही. धावत्या गाडीत अनोळखी मनगट धरून ठेवणारेही तेच लोक.

वातानुकूलित, मिटत्या दारांची लोकल २५ डिसेंबर २०१७ पासून धावू लागली. तिचे भाडे साध्या गाडीच्या कितीतरी पट आहे. मुंब्र्यानंतर साध्या गाड्यांसही आपोआप मिटणारी दारे बसविण्याचा विचार रेल्वेने जाहीर केला. ती अवश्य बसवावी. परंतु दार मिटल्यावर फलाटावर जे उरतील त्यांनी जावे कसे, हा प्रश्न सुताराचा किंवा विजेच्या कारागिराचा नव्हे. सगळ्या शहराने एकाच तासात कचेरीत पोचावे, असा हट्ट जोवर आहे तोवर तो सुटणार नाही. मध्य रेल्वेने २०२३ साली आपल्याच कचेरीच्या वेळा पुढेमागे केल्या आणि इतर संस्थांनाही तशी विनंती केली. कितीजणांनी ऐकले, ते सकाळच्या फलाटावर दिसते.

आम्ही ही विनंती आमच्या महाविद्यालयाच्या सभेत मांडली. अर्ध्या वर्गांचे तास साडेअकरास सुरू करावे, एवढीच सूचना होती. विद्यार्थ्यांची स्थानकवार यादीही आम्ही जोडली होती; निम्म्याहून अधिक मुले ठाण्यापलीकडील निघाली. चर्चा तासभर झाली. दोघा सहकाऱ्यांनी सूचनेस कसून विरोध केला, आणि ती पुढील सभेपर्यंत तहकूब झाली. ते दोघेही दादरास राहतात व महाविद्यालयात पायी येतात. पुढील सभा सकाळी नऊ वाजता ठेवली आहे.