आजीची क्षमा मागायची राहिली



दशलक्षण पर्व जवळ आलं की आमच्या वारज्याच्या घरात आधी डबे घासायला निघतात, आणि मग आजीच्या मैत्रिणीचा विषय निघतो. आजी नव्वदीच्या पुढची. तिचं माहेर कोल्हापूरजवळ, वळिवड्याच्या शेजारच्या गावात.

वळिवड्यात 1943 पासून पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. 1940 पासून सोव्हिएत संघाने त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं. तिथून सुटून, इराणमार्गे ती कोल्हापूर संस्थानात आली. पणजोबा छावणीत दूध घालायचे. त्यांच्यासोबत जाता जाता आजीला तिच्याच वयाची मैत्रीण मिळाली. तिचं नाव आजीने आम्हाला कधी सांगितलं नाही. "ते माझं आहे," म्हणायची.

एकमेकींची भाषा दोघींना जेमतेम येत होती. ती आजीची वेणी घालायची, आजी तिच्यासाठी चिंचा न्यायची. बस्स, एवढंच. पण हे सांगताना आजीच्या तोंडाकडे बघावं!

एकदा त्या मुलीने केक दिला. त्यात अंडं आहे हे पणजीला कळलं आणि आजीचं छावणीत जाणं बंद झालं. पणजीचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मीही बिस्किटांचा पुडा वाचूनच घेते. पण त्या पोरीला काय वाटलं असेल? तिला साधा निरोपही गेला नाही.

युद्ध संपलं, तरी त्यांच्यातल्या बहुतेकांना घर उरलं नव्हतं. त्यांची गावं सोव्हिएत संघात गेली होती. 1948 पर्यंत छावणी रिकामी झाली. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी आणखी कुठे. त्या जागी फाळणीत उखडलेले सिंधी आले. तेच आजचं गांधीनगर, जिथे आपण लग्नाच्या साड्या घ्यायला जातो.

ऑगस्ट 2024 मध्ये वॉर्सातलं कोल्हापूरचं स्मारक टीव्हीवर दाखवलं. आजी खुर्ची पुढे ओढून बसली. "ती आली असंल का गं तिथं?"

त्यानंतरच्या क्षमावाणीला आम्ही सगळे एकमेकांना उत्तम क्षमा म्हणत होतो. आजीने माझ्या मुलीला जवळ बोलावलं आणि पहिल्यांदाच ते नाव सांगितलं. मुलीने मोबाइलवर टाकलं, तर त्या नावाच्या कितीतरी बायका निघाल्या. आजी एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून बघत बसली. सूर्यास्ताआधीचं जेवण राहून गेलं तिचं. मग तिने पाणीही घेतलं नाही.