दोष पायांचा होता

२००९ साली, दिवाळीनंतर, शेजारच्या नववीतल्या मुलीला तिच्या मामाने वाढदिवसाला दुर्बीण दिली. सत्तर मिलिमीटरचं भिंग, सातशे मिलिमीटर केंद्रांतर, ॲल्युमिनियमचे बारीक पाय आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५२५ पट’. वाईतल्या आमच्या आळीत आकाशाचा नाद असलेला मी एकटाच, म्हणून बाप-लेक ते खोकं घेऊन संध्याकाळी माझ्या अंगणात आले. मी नळी उभी केली, खोक्यातली सर्वांत बारीक नेत्रिका घातली आणि गुरूवर रोखली. दिसला तो एक थरथरता पिवळट गोळा. फोकसच्या चाकाला बोट लावलं की तो उडी मारून बाहेर जायचा आणि परत सापडेपर्यंत पाच मिनिटं मोडायची.

मी तिच्या वडिलांना सांगितलं, “हे खेळणं आहे. भिंगाच्या दुर्बिणीच्या नादी लागू नका. पैसे साठवा आणि आरशाची घ्या.” मुलगी शेजारीच उभी होती. तिने काही न बोलता नळीला टोपण लावलं आणि खोकं बंद केलं. त्यानंतर ती कधी आकाशाबद्दल विचारायला आली नाही.

त्या वेळी मी जे बोललो ते मनापासून बोललो होतो. पण ते चूक होतं, आणि मला ते कळायला सोळा वर्षं लागली.

आरशावरचं माझं प्रेम कुठून आलं, तेही सांगायला हवं. १९९४ साली पुण्यात एका कार्यशाळेत मी स्वतःच्या हाताने सहा इंची आरसा घासला. पिंपावर काच ठेवायची, वर दुसरी काच, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि पिंपाभोवती फिरत तासन्‌तास घासायचं. पूड बारीक होत जाते तसा काचेचा आवाज बदलतो. खरखर जाऊन नुसती कुजबूज उरते. मग पिच आणि सिरियम ऑक्साइडने पॉलिश. शेवटी अंधाऱ्या खोलीत पात्याची धार लावून फूकोची चाचणी घेतली, तेव्हा आरशावर सावल्या अशा उमटल्या की सपाट दिसणारी काच एकदम उंचवट्याखळग्यांची झाली. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या काही अंशाइतकी चूक डोळ्याला दिसत होती. तो दिवस मी विसरलेलो नाही. माझ्या लेखी दुर्बीण म्हणजे अशी घडवलेली वस्तू, आणि भिंगाची नळी म्हणजे दुकानातून आणलेली.

पुढे आठ इंची घेतली, तीही आरशाचीच. हिशेब सरळ होता: दोनशे मिलिमीटरचा आरसा ऐंशी मिलिमीटरच्या भिंगापेक्षा सव्वासहा पट प्रकाश गोळा करतो, आणि तेवढ्याच पैशात येतो, कधी कधी कमीतही. कोणीही विचारलं की मी हा हिशेब मांडायचो. रंगांचा मुद्दाही तयार असायचा. साध्या भिंगात निळा आणि लाल प्रकाश एकाच जागी एकवटत नाही, तेजस्वी वस्तूला जांभळी झालर येते. न्यूटनने याच कारणाने भिंग सोडलं आणि १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण केली. खुद्द न्यूटन आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर आणखी काय हवं?

पण न्यूटनचं याच बाबतीत चुकलं होतं, हे मी कधी पुढे सांगायचो नाही. भिंगातली ही झालर घालवताच येणार नाही असं तो मानत होता. दोन वेगळ्या जातीच्या काचा, क्राउन आणि फ्लिंट, एकत्र केल्या की एकीची चूक दुसरी बरीचशी खोडते, हे पुढे चेस्टर मूर हॉलने दाखवलं आणि जॉन डॉलंडने १७५८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आजच्या ईडी काचेने उरलीसुरली झालरही जवळजवळ पुसली आहे. हे सगळं मी वाचलेलं होतं. वाचूनही माझं मत तिथेच होतं.

ते हललं माझ्या पाठीमुळे. मणक्याचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केली. आठ इंची वीस किलोच्या वर जाते. ती खोलीत उभी राहिली आणि मी खिडकीतून मृग पाहत बसलो. दोन हिवाळे असे गेल्यावर गेल्या नोव्हेंबरात मी ऐंशी मिलिमीटरची, ५६० मिलिमीटर केंद्रांतराची ईडी भिंगाची नळी मागवली. मनात शब्द होता ‘तात्पुरती’. नळी तीन किलोची, भक्कम ट्रायपॉड वेगळा घेतला.

पहिल्या रात्रीची पहिली भावना निराशेची होती. मृगातला तेजोमेघ आठ इंचीत पंख पसरलेला दिसतो, तो इथे राखाडी फुंकरीएवढा. देवयानी दीर्घिकेचा नुसता गाभा. आठ इंचीत सवयीने दिसणारे दोन अंधूक गोलाकार पुंज तर तारे न सुटलेले, कापसाच्या बोंडासारखे. हे मी आजही लपवणार नाही. अंधूक वस्तूंसाठी मोठा आरसा तो मोठा आरसा, त्याला पर्याय नाही.

मग पंचवीस मिलिमीटरच्या नेत्रिकेने कृत्तिकेकडे वळलो. बावीस पट. सगळा पुंजका एका नजरेत मावला आणि भोवती काळं आकाश उरलं. आठ इंचीत कृत्तिका नेहमी कडेला कापली जाते, मी तिला तुकड्यातुकड्यानेच पाहत आलो होतो. आणि तारे! आरशाच्या दुर्बिणीत धाकटा आरसा धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांमुळे ठळक ताऱ्याला चार टोकं फुटतात. माझ्या डोळ्याला त्याची इतकी सवय झाली होती की ती टोकं ताऱ्याचीच वाटायची. इथे प्रत्येक तारा नुसता ठिपका होता, सुईने टोचल्यासारखा. मी नेत्रिकेवरून डोळा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

जानेवारीत गुरू पुनर्वसूच्या जोडताऱ्यांजवळ होता, जवळजवळ डोक्यावर. त्या रात्री मी मुलाला घरी बोलावून आठ इंचीही अंगणात काढायला लावली, दोघी शेजारी शेजारी. आधी कॅस्टर. उघड्या डोळ्यांना एक दिसणारा हा तारा दुर्बिणीत दोन होतो. त्यांच्यात साधारण साडेपाच विकलांचं अंतर आहे, आणि ते एकमेकांभोवती फिरतात हे विल्यम हर्शलने १८०३ मध्ये दाखवलं. नव्या नळीत ११२ पटीला दोन पांढरे दाणे दिसले, मध्ये काळ्या रेघेची फट. प्रत्येक दाण्याभोवती एक पातळ वलय, केसाइतकं. आठ इंचीत त्याच वेळी दोन उकळते गोळे. खोलीतून बाहेर आणलेला जाड आरसा अजून गरम होता. तासाभराने तो निवला आणि मग त्याने भिंगाला मागे टाकलं, गुरूवर तर चांगलंच. पण तो तास माझ्या लक्षात राहिला. पाठ दुखायला लागायच्या आधीसुद्धा कित्येक रात्री मी आरसा निवायच्या आत आवरून झोपलो होतो, आणि दोष वाईच्या हवेला दिला होता.

गुरू पाहताना ती मुलगी आठवली. भिंगात विषुववृत्ताशेजारचे दोन तांबूस पट्टे, चारही चंद्र एका ओळीत. ऐंशी मिलिमीटर आणि सत्तर मिलिमीटर, फरक तो किती? मग २००९ साली तो गोळा का थरथरत होता?

उत्तर मला त्याच क्षणी ठाऊक होतं. बारीक नेत्रिका चार मिलिमीटरची, म्हणजे १७५ पट. तिच्यापुढे तिप्पट करणारं बार्लो लावलं की खोक्यावरचे ५२५ होतात. सत्तर मिलिमीटरच्या भिंगाला १४० पटींच्या पुढे काही दाखवायलाच उरत नाही. आणि ते पाय! बोट टेकवलं की तीन सेकंद हलणारे. मी तेव्हा नळी नुसती भिंतीच्या कठड्यावर टेकवून जाडी नेत्रिका लावली असती, तरी तिला गुरूचे चंद्र दिसले असते. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० रोजी ते पाहिले तेव्हा त्याचं भिंग तिच्या भिंगापेक्षा कितीतरी लहान आणि ओबडधोबड होतं, वर्धन वीस पट. सगळं जग त्या भिंगाच्या नळीची चारशे वर्षं साजरी करत होतं, त्याच वर्षी मी एका मुलीच्या हातातल्या नळीला खेळणं म्हणालो. दोष पायांचा होता, मी शिक्षा भिंगाला दिली. आणि तिलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या वडिलांकडे गेलो. ती लग्न होऊन नाशिकला असते. दुर्बीण माळ्यावर होती. थर्माकोल पिवळा पडलेला, भिंगाच्या कडेला बुरशीची एक बारीक नक्षी, सोळा पावसाळ्यांची. मधला भाग स्वच्छ. मी परवानगी घेऊन नळी घरी आणली, माझ्या ट्रायपॉडवर चढवली आणि माझी दहा मिलिमीटरची नेत्रिका लावली, सत्तर पट. गुरूच्या कडेला जांभळ्याची किंचित छटा होती. पट्टे दोन. चंद्र चार. दोन आठवड्यांनी नवमीच्या चंद्रावर सरळ भिंत दिसली, शंभराहून जास्त किलोमीटर लांब असलेली ती काळी रेघ, पट्टीने आखल्यासारखी.

मी तिला फोन केला. जे झालं ते सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “काका, मला तेव्हा वाटलं होतं माझ्याच डोळ्यात काहीतरी कमी आहे.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की नळी माझ्याकडे आहे, तिला नवे पाय लावून देतो.

ओळखीच्या सुतारमामांकडे जुन्या दाराचं सागवान पडून होतं. त्यांना चित्र काढून दिलं: तीन जाड पाय, मध्ये आडव्या पट्ट्या, वर नळी बसवायला घट्ट खोबण. ती मे महिन्यात माहेरी येणार आहे, सहा वर्षांच्या लेकीला घेऊन. सुतारमामांनी पेन्सिल कानामागून काढली आणि विचारलं, “उंची किती धरू?” मी नाशिकला पुन्हा फोन लावला. तिने लेकीला भिंतीला उभं केलं असावं, मागून हसण्याचा आवाज येत होता. मग आकडा आला. डोळ्यापर्यंत तीन फूट पाच इंच.