दोन्ही डगरींवर

दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्याला आपण बोल लावतो. काही गावांना मात्र उभं राहायला दुसरी जागाच मिळालेली नसते. वेल्सच्या सीमेवरचं हे-ऑन-वाय त्यांतलंच. वाय नदीकाठची दीड-दोन हजारांची वस्ती. डुलास ओढा ओलांडला की इंग्लंड.

नॉर्मनांनी किल्ला बांधला तो सीमा राखायला. गावाला पोसलं ते बाजाराने. डोंगरातली लोकर, लोणी, चीज इथे उतरायचं. १८३३ साली तर लोण्यासाठी दगडी खांबांची वेगळी मंडई उभी राहिली. गुरुवारचा बाजार अजून भरतो. १८१६ पासून ब्रेकन गावाहून कोळसा रुळांवरून घोडे ओढून आणत. १८६४मध्ये आगगाडी आली आणि १९६२ सरता सरता तीही गेली. गाडी बंद झाल्यावरचा पहिला गुरुवार कसा गेला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

त्याच वर्षी रिचर्ड बूथ नावाच्या तरुणाने गावातल्या जुन्या बंबखान्यात जुन्या पुस्तकांचं दुकान थाटलं. पुढे अमेरिकेतल्या बंद पडलेल्या ग्रंथालयांतली पुस्तकं त्याने जहाजं भरून आणली. थिएटरात पुस्तकं, किल्ल्यात पुस्तकं. जगाने रद्दीत काढलेलं हे गाव जगाच्या रद्दीवर पुन्हा उभं राहिलं. १ एप्रिल १९७७ रोजी बूथने गाव स्वतंत्र राज्य असल्याचं जाहीर केलं आणि स्वतः राजा झाला. लोक हसले. मला त्यात कळकळ दिसते: आमच्या पोटापाण्याचं दूरच्या कचेऱ्यांनी का ठरवावं? १९८८पासून साहित्यमहोत्सवही भरू लागला. २०१९मध्ये बूथ गेला, दुकानं राहिली.

आपलं पाचगणीजवळचं भिलार २०१७मध्ये पुस्तकांचं गाव झालं ते याच गावाकडे पाहून. भिलारमध्ये त्यासाठी ठरवलेल्या घरांत बसावं, फुकट वाचावं. गावाला स्ट्रॉबेरीचा आधार आहे. हे-ऑन-वायला पुस्तक विकावंच लागतं.

तरी तिथल्या किल्ल्याच्या आवारात उघड्यावर काही फळ्या आहेत. त्यांवर पुस्तकं, शेजारी पैशांची पेटी. विकणारा कुणी नाही. पावसाळी हवेने पानं थोडी फुगलेली. आपण हवं ते उचलायचं, पेटीत नाणी टाकायची आणि उतारावरून पेठेकडे निघायचं.