तीन नावं, दुपारी चारच्या आत

आमचा नाशिकचा सायकलचा गट पहाटे गंगापूर धरणाकडे जातो आणि जुलै महिन्यात रात्री टूर द फ्रान्स बघतो. 2023 च्या जुलैत आमच्या गटातल्या काकांनी एक खेळ सुरू केला. सपाट टप्पा असेल त्या दिवशी पहिले तीन कोण येणार, त्यांची नावं प्रत्येकाने क्रमाने कळवायची. तिकडे टप्पा सुरू होतो तेव्हा आपल्याकडे साडेचारच्या आसपास होतात, म्हणून वेळ ठरली दुपारी चारच्या आत. पैसे लावायचे नाहीत हेही काकांनीच पहिल्या दिवशी सांगितलं. ते कडकपणे पाळलं गेलं म्हणून हा खेळ अजून चालू आहे. नव्याने बघायला बसणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून त्यातून काय कळत गेलं ते लिहिते आहे.

पहिल्या वर्षी सुरुवात सोपी वाटली. बेल्जियमचा यास्पर फिलिप्सन बायोनला जिंकला, दुसऱ्या दिवशी नोगारोला जिंकला, मग बोर्दोला, मग मुलँला. आम्ही सगळे डोळे मिटून त्याचं नाव पहिलं लिहू लागलो. तो सगळ्यात जोरात पळतो, एवढंच आम्हाला दिसत होतं. काका म्हणाले, "ताई, त्याच्याकडे नका बघू. त्याच्या पुढे कोण आहे ते बघा."

पुढे त्याच्याच संघातला मात्यू व्हान डर पूल होता. त्यानंतर मी शेवटचा किलोमीटर नुसता त्याच्याकडे बघून काढला. सपाट रस्त्यावर ताशी साठ-सत्तरच्या वेगाने जाताना बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. मागच्या चाकाला चिकटून बसलेल्याला त्यातला मोठा हिस्सा वाचवता येतो. व्हान डर पूल स्वतः शर्यती जिंकणारा गडी. तो पुढे राहून वारा खातो, इतरांना आत शिरू देत नाही आणि शेवटचे दोनशे मीटर उरले की बाजूला होतो. फिलिप्सनला पूर्ण जोर लावायचा तो तिथून पुढे. याला लीडआउट म्हणतात, आणि शेवटच्या जोराला स्प्रिंट. तेव्हापासून मी स्प्रिंटरच्या आधी लीडआउट बघते. एखाद्याच्या संघात शेवटच्या दोन किलोमीटरसाठी निदान दोन धडधाकट माणसं नसतील, तर तो कितीही वेगवान असला तरी त्याचं नाव मी पहिलं लिहीत नाही.

बोर्दोला मार्क कॅव्हेंडिश दुसरा आला. सगळ्यांच्या पुढे निघाला होता, पण ऐन जोरात गिअर सरकला आणि त्याला क्षणभर खाली बसावं लागलं. दुसऱ्याच दिवशी तो पडला, गळपट्टीचं हाड मोडलं आणि घरी गेला. 34 टप्पे जिंकण्याच्या एडी मर्क्सच्या विक्रमाशी त्याने 2021 मध्ये बरोबरी केली होती. तो एक जास्तीचा टप्पा राहूनच जाणार असं मला त्या रात्री वाटलं. जेवण गेलं नाही.

त्याच वर्षी बूर-आँ-ब्रेसला मोठा धडा मिळाला. सपाट टप्पा होता, तीन जण सुरुवातीलाच पुढे निसटले होते. वाटेत पास्कल एनकहोर्न मागून येऊन त्यांना मिळाला, म्हणजे चार झाले. असे निसटलेले लोक बहुधा शेवटी पकडले जातात. फ्रेंच समालोचक रोबेर शापात यांच्या नावाने एक आडाखा सांगतात, की मागचा मुख्य घोळका दहा किलोमीटरमागे साधारण एक मिनिट भरून काढतो. त्या दिवशी दहा किलोमीटर उरले तेव्हा अंतर मिनिटभरही नव्हतं, तेव्हा पकडणार हे उघडच दिसत होतं. शेवटच्या किलोमीटरला घोळका त्यांच्या मागच्या चाकापर्यंत आला. तरी डेन्मार्कचा कॅस्पर आस्ग्रीन जिंकला, एनकहोर्न दुसरा, योनास आब्राहम्सन तिसरा. फिलिप्सन चौथा, म्हणजे घोळक्यातला पहिला.

का झालं असं? आदल्या दिवशी कॉल द ला लोझचा भयंकर चढ होता. तिसरा आठवडा होता. पाठलाग करायला स्प्रिंटरांच्या संघांत माणसंच ताजी उरली नव्हती, आणि पुढचे चौघे एकमेकांशी न भांडता आळीपाळीने ओढत होते. तेव्हापासून काकांच्या वहीत नावांच्या आधी एक रकाना आला: स्प्रिंट होणार का? हा प्रश्न आधी सोडवायचा. पहिला आठवडा असेल, जिंकू शकणारे तीन-चार संघ ताजे असतील तर होणार. डोंगरातून उतरल्यानंतरचा टप्पा असेल तर मी साशंक असते.

पॅरिसला शेवटच्या दिवशी फोटो बघून निकाल लागला आणि योर्डी मेउस जिंकला. आमच्यापैकी कुणीच ते नाव दिलं नव्हतं. चौघे जण जवळजवळ एकाच रेषेत होते. अशा निकालावर डोकं चालवून उपयोग नाही हे मान्य करावं लागतं. सपाट टप्प्यात सगळ्यात भरवशाच्या माणसाबद्दलही मी आता "तीनात एकदा जिंकेल" यापेक्षा जास्त बोलत नाही.

2024 ला तुरिनच्या टप्प्यात शेवटच्या तीन किलोमीटरच्या आत घोळक्यात पडापड झाली. फिलिप्सन मागे अडकला. पुढे उरलेल्यांत इरिट्रियाचा बिनियम गिरमाय होता आणि तो जिंकला. टूरचा टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन. शेवटच्या तीन किलोमीटरचा नकाशा आदल्या दिवशी नीट बघायची सवय मला त्या टप्प्यानंतर लागली. शर्यतीच्या अधिकृत नकाशात सगळं असतं: चौकातले गोल किती, शेवटचं वळण किती मीटरवर, रस्ता कुठे अरुंद होतो. शेवटचं वळण रेषेपासून जवळ असेल तर लीडआउटवाला संघ वरचढ ठरतो, कारण वळणातून पहिल्या दोघांत बाहेर पडणं महत्त्वाचं. रस्ता लांब आणि सरळ असेल तर मागून येणाऱ्यालाही संधी मिळते. शेवटी जरा चढ असेल तर निव्वळ वेगवाले मागे पडतात. कोलोंबे-ले-दझ-एग्लिझचा टप्पा कागदावर सपाट होता, पण शेवट चढाचा. तिथेही गिरमायच जिंकला, फिलिप्सन दुसरा. त्या दिवशी नकाशा बघून मी गिरमाय पहिला लिहिला होता.

त्याच वर्षी सँ-व्ह्यूल्बाच्या टप्प्याला, 3 जुलैला, मी कॅव्हेंडिशला तिसऱ्या जागी ठेवलं. पहिल्याच दिवशी रिमिनीच्या वाटेवर उन्हाने त्याला उलट्या झाल्या होत्या. साथीदारांनी सांभाळून त्याला वेळेच्या मर्यादेत आणलं होतं. वय 39. डोकं सांगत होतं, नाव देऊ नकोस. मन ऐकेना म्हणून तिसरं. शेवटच्या किलोमीटरला तो एका चाकावरून दुसऱ्या चाकावर सरकत राहिला. मोकळी जागा दिसली तशी उसळी घेतली आणि फिलिप्सनला स्पष्ट मागे टाकून रेषा ओलांडली. पस्तिसावा. मला रडू आलं. काकांचा फोन आला, पण दोघांनाही काही बोलता आलं नाही. तरुण लोकांची ताकद जास्त असेल. कुठल्या क्षणी कुणाच्या चाकावर असावं हे त्याच्याइतकं फार थोड्यांना कळतं. हा अनुभव वॉटच्या आकड्यांत दिसत नाही, पण नाव देताना धरायला हवा.

दुसऱ्या दिवशी दीजों. दिवसभर आडवा वारा, मध्येच घोळक्याचे तुकडे झाले, मग परत एकत्र आले. शेवटी डिलन ग्रूनेवेगन काही सेंटिमीटरने जिंकला. दुसरा आलेला फिलिप्सन आपली रेघ सोडून आडवा आला म्हणून पंचांनी त्याला घोळक्याच्या शेवटी टाकलं. तेव्हापासून वाऱ्याची दिशा मी दुपारी बघतेच. समोरून वारा असेल तर लवकर निघणारा थकतो, उशिरा निघणाऱ्याचं फावतं. पाठीमागून असेल तर उलट. आडवा असेल तर ज्या संघाची माणसं दिवसभर पुढे राहतात त्यांची नावं लिहावीत.

2025 ला डंकर्कच्या टप्प्यात फिलिप्सन मधल्या स्प्रिंटला पडला आणि शर्यतीबाहेर गेला. गुणांच्या स्पर्धेची हिरवी जर्सी त्याच्या अंगावर होती. त्या दिवसासाठी आम्हा सगळ्यांचं पहिलं नाव साठ किलोमीटर उरले असतानाच संपलं. टिम मर्लिए जिंकला, जोनाथन मिलानला फोटोत हरवून.

पुढच्या रविवारी शातोरू. कॅव्हेंडिशने पहिला टप्पा 2008 मध्ये जिंकला तो याच गावात. मी लिहिलं: स्प्रिंट होणार; मर्लिए, मिलान, मग आर्नो द ली. व्हान डर पूलचा स्प्रिंटर घरी गेला होता, आता त्याला कुणाला ओढायचं नव्हतं. तो सुरुवातीपासूनच साथीदार योनास रिकार्टला घेऊन पुढे निघाला. दोघंच. समोर दीडशेहून जास्त किलोमीटर सपाट रस्ता आणि मागे सगळे स्प्रिंटरांचे संघ. बूर-आँ-ब्रेसला निदान चौघे होते. हे पकडले जाणार याबद्दल मला शंका नव्हती, पण अंतर अपेक्षेप्रमाणे कमी होईना. रिकार्ट सुटला, व्हान डर पूल एकटा उरला. शेवटच्या दहा किलोमीटरला मी टीव्हीसमोर उभी होते आणि माझी तिन्ही नावं चुकावीत असं मनापासून वाटत होतं. शेवटच्या किलोमीटरच्या लाल कमानीखालून तो एकटाच गेला. त्यानंतर थोड्याच अंतरावर घोळक्याने त्याला गाठलं. मर्लिए पहिला, मिलान दुसरा, द ली तिसरा.

तिन्ही नावं क्रमाने बरोबर आली. काकांनी वहीत खूण केली. मला फार आनंद झाला नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मलाही नाही. उद्या डोंगर आहे, आता झोपा."